जागते यंत्र आणि वाटेवरचा कामगार

वडखळच्या नाक्यावर दोन रस्ते फुटतात. एक पोयनाडवरून अलिबागेस जातो. दुसरा नागोठणे, महाड, चिपळूण असा दक्षिणेस गोव्याकडे उतरतो. एका अंगाला धरमतरची खाडी, तिच्यात कोळसा आणि लोहखनिज घेऊन आलेले बार्ज. दुसऱ्या अंगाला पेण-रोहा लोहमार्ग. पांढरा कांदा आणि पोह्याचे पापड विकणाऱ्या बायका जेथे बसतात तेथूनच ट्रेलर, टँकर, एसटी आणि रिक्षा एकमेकींना खेटून जातात. वाहतूक कामगार म्हणजे काय हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने त्यासाठी मुंबई गाठण्याचे कारण नाही; ह्या परिसरात पहाटे चार वाजता तासभर उभे राहावे.

काही वर्षांपूर्वी येथेच एका ट्रेलरच्या ड्रायव्हरला आम्ही चहाला बसा म्हणालो. गृहस्थ घाटावरचे, आष्टी तालुक्याकडचे, वयाने आमच्याहून मोठे. आम्ही त्यांना काका म्हणत असू. ते उभ्यानेच चहा पिऊ लागले. आम्ही पुन्हा आग्रह केला तेव्हा म्हणाले, "बसून कसं चालंल भाऊ? वर डबा हाय ना. गाडी जरा जास्त वेळ हुबी राहिली की तिकडं मालकाच्या फोनवर घंटी वाजती. मग महिन्याच्या हिशोबात कापत्यात." त्याच आठवड्यात नागोठण्याच्या पुढे पहाटेच्या सुमारास त्यांना डुलकी लागली आणि गाडी रस्ता सोडून खाली उतरली. जीव वाचला, उजवा पाय कायमचा अधू झाला. चौकशीत त्या डब्याची नोंद आम्ही पाहिली. अपघाताची जागा आणि वेळ डब्याने सेकंदापर्यंत बिनचूक टिपली होती. त्याआधी काका सलग किती तास चाकावर होते, हेही त्याच नोंदीत स्वच्छ लिहिलेले होते. परंतु ते वाचण्याचे काम कोणाकडेच दिलेले नव्हते. घंटी गाडी थांबली म्हणजे वाजत असे. गाडी थांबत नाही म्हणून वाजेल, अशी तिची जोडणीच नव्हती.

आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. बाकीचे पेणच्या वाचनालयात, एसटीच्या बाकावर आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात झाले. त्यामुळे एखादी गोष्ट कळेनाशी झाली की ती आधी कधी घडली होती काय, हे शोधण्याची आम्हांस सवय लागली आहे. आज सेन्सर, उपग्रह, कॅमेरा, पापण्या मिटताच ओरडणारे यंत्र, असे पुष्कळ काही नवे म्हणून आपल्यापुढे येते. यंत्रे नवी आहेत यात शंका नाही. पण धोका आधी जाणून घेऊन सूचना देणारे साधन आणि ते साधन ज्याच्यासाठी बसवले तो कामगार, यांचा संबंध मात्र दोनशे वर्षांचा जुना आहे. आणि तो नेहमी सरळ राहिलेला नाही.

याचा पहिला धडा वाहतुकीतला नसून खाणीतला आहे, तरी तो सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. १८१५ साली इंग्लंडात हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने कोळशाच्या खाणीसाठी जाळीचा दिवा केला. ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी असल्याने खाणीतला वायू बाहेर भडकत नसे, आणि वायू वाढला की ज्योतीचा आकार व रंग बदले. म्हणजे दिवा उजेडही देई व धोकाही सांगे. सर्वांना वाटले, आता स्फोट थांबतील. घडले असे की, वायूमुळे ज्या खोल आणि वाईट जागा मालकांनी सोडून दिल्या होत्या त्या हा दिवा आल्यावर पुन्हा उघडल्या गेल्या. दिवा चांगलाच होता, पण त्याच्या भरवशावर माणसाला आणखी आत धाडण्यात आले आणि स्फोटांत माणसे मरतच राहिली. दिव्याने धोका सांगितल्यावर बाहेर येण्याचा हक्क कोणाला आहे, हा प्रश्न त्या शास्त्रज्ञाचा नव्हता. तो खाणकामगारांना पुढे स्वतः संघटित होऊन सोडवावा लागला.

आता आपल्याकडे येऊ. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. त्यानंतरच्या दहा वर्षांत बोरघाट फोडला गेला, आणि १८६३ साली घाटातून गाडी सुरू झाली. त्या कामावर सुमारे चोवीस हजार मजूर मेले असावेत असा अंदाज इतिहासकार देतात. सुरुंग, दरडी, पटकी आणि ताप यांनी. त्यांच्यापैकी एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. कामावर इजा झाल्यास भरपाई देण्याचा कायदा हिंदुस्थानात व्हावयास १९२३ साल उजाडावे लागले, आणि त्याचा अंमल १९२४ च्या जुलैपासून झाला.

पण घाटातल्या त्या मार्गावर एक युक्ती होती तिकडे आम्हांला वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. उतारावर गाडीचे ब्रेक सुटले तर ती खाली धडकू नये म्हणून मध्ये मध्ये चढाच्या दिशेने जाणारे आडमार्ग काढलेले असत. सांधा एरवी त्या आडमार्गालाच लागलेला राही. खाली येणारी गाडी ताब्यात आहे अशी खात्री पटल्यावरच सांधेवाला तो मुख्य मार्गाला लावी. येथे सेन्सर म्हणजे सांधेवाल्याचे डोळे आणि कान. पण विचार किती पक्का आहे पाहा: काहीच कळले नाही तर धोका आहे असेच धरावयाचे. रेल्वेच्या सुरक्षिततेचे सारे शास्त्र ह्या एका समजुतीवर उभे आहे. आमच्या रस्त्यावरचे शास्त्र अजून उलट्या समजुतीवर चालते. काही कळले नाही म्हणजे सर्व ठीक आहे.

एकेरी लोहमार्गावर दुसरी एक वस्तू होती, ती जुन्या लोकांनी पाहिली असेल. स्टेशनमास्तर वेताच्या कड्यात अडकवलेला लोखंडी गोळा इंजिनड्रायव्हरच्या हाती देई. दोन स्टेशनांवरची यंत्रे तारेने अशी जोडलेली असत की, एक गोळा बाहेर निघाला की दुसरा निघत नसे. ज्याच्या हाती गोळा त्याचीच गाडी पुढल्या स्टेशनापर्यंतच्या मार्गावर. ह्या गोळ्याची थोरवी आम्हांला त्याच्या विजेच्या जोडणीत वाटत नाही. तो हाती नसेल तर गाडी हलवावयाची नाही हा ड्रायव्हरचा अधिकार होता, आणि फलाटावर केवढाही मोठा साहेब ओरडत उभा असला तरी तो अधिकार मोडत नसे. हे यंत्र कामगाराच्या हातात होते; त्याच्या डोक्यावर नव्हते.

त्याच काळात अमेरिकेत काय चालले होते? तेथे मालगाडीचे डबे जोडण्यासाठी ब्रेकमन दोन डब्यांच्या मध्ये शिरून हाताने खिळा अडकवी. बोटे जात, हात जात, जीव जाई. कामावर घेताना उमेदवाराच्या तुटलेल्या बोटांवरून त्याचा अनुभव ओळखीत, असे सांगतात. आपोआप जुळणाऱ्या कडीचे पेटंट जॅनी नावाच्या गृहस्थाने १८७३ साली घेतले. म्हणजे उपाय सापडला होता. तरी ती कडी प्रत्येक गाडीला सक्तीची करणारा कायदा १८९३ साली झाला आणि त्याचा पुरा अंमल १९०० साली. मधल्या काळात रेल्वे कंपन्या खर्चाचा हिशेब करीत बसल्या. आयोवा प्रांतातला लोरेन्झो कॉफिन नावाचा एक शेतकरी वर्षानुवर्षे सभांतून, चर्चमधून, विधिमंडळाच्या दारातून हाच एक विषय बोलत राहिला. रेल्वे कामगारांच्या संघटनाही त्याच्या मागे उभ्या राहिल्या. 'आता तंत्रज्ञान आले आहे, आता सर्व सुधारेल,' असे कोणी आम्हांस सांगू लागला की आम्हांला ही मधली वीस वर्षे आठवतात.

आता रस्त्यावरच्या डब्याचा पूर्वज पाहू. युरोपात मालमोटारींत एक नोंदयंत्र बसवीत असत; त्याचे नाव टॅकोग्राफ. कागदाच्या गोल चकतीवर सुई फिरे आणि गाडीचा वेग, अंतर, चालवण्याची व थांबण्याची वेळ यांची रेघ उमटे. १९७० साली युरोपीय समूहाने नियम करून ते सक्तीचे ठरवले. ब्रिटन १९७३ साली समूहात आला. पण तेथल्या ड्रायव्हरांनी आणि त्यांच्या युनियनने ह्या यंत्राला कडाडून विरोध केला. 'केबिनमधला हेर' असे त्याचे नाव पडले. सरकारनेही चालढकल केली. शेवटी १९७९ साली युरोपीय न्यायालयाने ब्रिटनविरुद्ध निकाल दिला आणि यंत्र बसवणे भाग पडले.

हा इतिहास आम्ही प्रथम वाचला तेव्हा आम्हांला त्या ब्रिटिश बांधवांचा अभिमान वाटला. आमचाही डब्याला विरोधच होता. पण पुढे वाचत गेलो तसे लक्षात आले की, तीच चकती पुढे ड्रायव्हरच्या बाजूचा साक्षीदार झाली. मालक म्हणे, नऊच तास चालवली. चकती म्हणे, चौदा. ज्या देशांत चकती तपासणारा निरीक्षक होता, सलग किती तास चालवावयाचे याचा नियम होता आणि नोंदीची प्रत ड्रायव्हरला मिळत होती, तेथे हेराचा पंच झाला. यंत्र बदलले नव्हते. त्याने चुगली कोणाची कोणाकडे करावयाची, ते बदलले होते. हे कळावयास आम्हांला बरीच वर्षे लागली. आणि ह्या बाबतीत आमचा आधीचा विरोध अर्धवट होता हे येथे कबूल केले पाहिजे.

आपल्याकडे तासांचा नियम नव्हता असे नाही. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला सुटली. तेरा वर्षांनी, १९६१ साली, संसदेने मोटार वाहतूक कामगारांचा कायदा केला. दिवसाचे आठ तास, आठवड्याचे अठ्ठेचाळीस; लांब पल्ल्याला दहा आणि चोपन्नपर्यंत मुभा; आणि सलग पाच तास कामानंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत तो कायदा विलीन करण्यात आला. आमच्या काकांनी वडखळला अर्धा तास बसून चहा घेतला असता तर ते कामचुकारपणा करीत नव्हते. ते कायद्याने दिलेली विश्रांती घेत होते. डब्याच्या जोडणीत तीच विश्रांती 'अनधिकृत थांबा' म्हणून लिहिली गेली होती. कायदा एक बोलत होता, यंत्र दुसरे, आणि पगार यंत्राच्या बोलण्यावर कापला जात होता.

१ जानेवारी २०१९ पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत जागा दाखवणारे यंत्र आणि संकटकाळी दाबावयाचे बटण असावे, असा केंद्राचा नियम आहे. नागपुरात २०२१ पासून शहर बसगाड्यांच्या काचेमागे असे कॅमेरे बसवण्याचा प्रयोग झाला की, जे पुढील वाहन किंवा माणूस फार जवळ आल्याची सूचना ड्रायव्हरलाच देतात. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मालमोटारींच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले. या शेवटच्या गोष्टीला कोणी हुशार तंत्रज्ञान म्हणणार नाही. पण मे महिन्यात वडखळ ते महाड ट्रेलर चालवणाऱ्याला विचाराल तर तो पापण्या मोजणाऱ्या कॅमेऱ्याआधी गार हवा मागेल. झोप का आली, हे न विचारता झोप आली एवढेच ओळखणारे यंत्र म्हणजे ताप मोजून औषध न देणारा डॉक्टर.

आता आमच्या दारावरून जाणाऱ्या लोहमार्गाकडे वळतो, कारण यंत्र आणि माणूस यांची सांगड नीट घातली तर काय होते त्याचे उदाहरण येथे जवळच आहे. १९८६ साली गाडी रोह्यापर्यंत आली. तेथून पुढे मंगळूरच्या अलीकडे ठोकूरपर्यंत कोकण रेल्वे झाली. २६ जानेवारी १९९८ रोजी त्या सुमारे ७४० किलोमीटरच्या पूर्ण मार्गावर गाडी सुरू झाली. बांधणीत जे कामगार दगावले त्यांचे श्रमशक्ती स्मारक रत्नागिरी स्थानकात आहे. बोरघाटापेक्षा एवढी तरी प्रगती झाली.

२ ऑगस्ट १९९९ रोजी गैसाल येथे दोन गाड्या समोरासमोर धडकल्या आणि शेकडो माणसे मेली. त्यानंतर कोकण रेल्वेचे प्रमुख बी. राजाराम यांच्या टक्करविरोधी यंत्राकडे देशाचे लक्ष गेले. इंजिनावरचे यंत्र उपग्रहावरून आपली जागा ओळखते, जवळच्या दुसऱ्या इंजिनाशी बिनतारी बोलते, आणि टक्करीचा संभव दिसला तर स्वतः ब्रेक लावते. आज 'कवच' म्हणून जी प्रणाली २०२० साली राष्ट्रीय प्रणाली म्हणून स्वीकारली गेली ती रचनेने वेगळी असली तरी विचाराने याच वाटेवरची आहे.

पण कोकणातला वैरी दुसरी गाडी नसतो. तो डोंगर असतो. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरडीचे दगड रुळांवर आले, गाडी घसरली आणि पन्नासहून अधिक लोक गेले. पुढल्याच वर्षी, १६ जून २००४ रोजी, महाडच्या बाजूला करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस दगडांमुळे घसरून डबे पुलावरून खाली पडले. गाडी गाडीला ओळखू लागली होती. धोंडा काही उपग्रहाशी बोलत नव्हता. तेव्हा दरडी कापून उतार मंद करण्यात आले, लोखंडी जाळ्या ठोकल्या, जमिनीची हालचाल टिपणारे कलमापक बसवले. नऊ स्थानकांवर पाऊस मोजणारी यंत्रे आहेत, त्यांतले पहिले आमच्या रायगडात माणगावला. रत्नागिरीजवळचा पानवलचा उंच पूल, गोव्यातील मांडवी व जुवारी आणि होन्नावरची शरावती येथे वारा मोजला जातो. काळ, सावित्री आणि वाशिष्ठी या तीन नद्यांच्या पुलांवर पाणी धोक्याच्या रेषेवर गेले की सूचना देणारी यंत्रे आहेत.

एवढी यंत्रे असूनही पावसाळ्यात रात्रीबेरात्री घोंगडी-रेनकोट घेऊन, हातात कंदील किंवा विजेरी, कमरेला लाल झेंडी आणि फटाक्यांची डबी बांधून गस्तवाला चालतच असतो. (रुळावर ठेवलेला फटाका चाकाखाली फुटला की ड्रायव्हरला धोका कळतो, हे साधन शंभर वर्षांहून जुने आहे आणि त्याची बॅटरी कधी उतरत नाही.) कोकण रेल्वेने दुसरी गोष्ट केली, ती कोणत्याही यंत्रापेक्षा मोठी आहे असे आम्ही समजतो. पावसाळ्यासाठी वेळापत्रकच वेगळे, सावकाश केले. आणि मुसळधार पावसात पुढचे दिसेनासे झाले तर ताशी ४० किलोमीटरवर यावे, असे ड्रायव्हरला लेखी सांगून ठेवले. म्हणजे गाडी उशिरा पोचली तर तो ड्रायव्हरचा गुन्हा नाही. पाऊस मोजणाऱ्या यंत्राचा उपयोग तेव्हाच, जेव्हा पाऊस पडतो म्हणून हळू जाणाऱ्याला कोणी जाब विचारीत नाही.

आता तीच सावित्री, रस्त्यावरची.

महाडजवळ गोवा महामार्गावर सावित्रीवर ब्रिटिश अमदानीतला, १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल होता. ही नदी महाबळेश्वरी उगम पावते आणि बाणकोटला समुद्रास मिळते. वर घाटमाथ्यावर ढग फुटल्यासारखा पाऊस पडला की खाली महाडला पाणी काही तासांत येते. हे महाडच्या दुकानदारालाही तोंडपाठ आहे. २०१६ च्या मे महिन्यात पुलाची पाहणी होऊन तो धोक्याचा नाही असे सांगण्यात आले होते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री साडेअकराच्या सुमारास तो पडला. तारीख पुन्हा तीच, २ ऑगस्ट. राजापूर-बोरिवली आणि जयगड-मुंबई ह्या दोन एसटी गाड्या त्यांच्या चालक-वाहकांसह आणि उतारूंसह पुरात गेल्या. आणखीही वाहन गेले.

त्या रात्री पुलावर कोणतेही यंत्र जागे नव्हते. जागा होता तो पुलाजवळच्या गॅरेजातला एक मेकॅनिक. पुलावर शिरलेल्या गाडीचे मागचे लाल दिवे एकाएकी नाहीसे झाले, ही गोष्ट त्याच्या ध्यानात आली. तो रस्त्यावर धावला आणि मागून येणारी वाहने त्याने थांबवली. बोरघाटातल्या सांधेवाल्याचे काम त्याने केले. त्याला कोणी नेमले नव्हते, पगार नव्हता, झेंडी नव्हती. पुढे नौदलाचे पाणबुडे आणि आपत्ती दलाचे जवान आले. क्रेनला बांधलेले तीनशे किलोंचे लोहचुंबक नदीत सोडून गाड्यांचे लोखंड शोधण्यात आले. लोखंड ओळखणारे साधन आपल्यापाशी होते. पण ते आले तेव्हा एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर पाण्याखाली गेलेले होते. नवा पूल १६५ दिवसांत बांधून ५ जून २०१७ रोजी खुला झाला. इतक्या लवकर पूल बांधता येतो हे पाहून आनंद व्हावा की राग यावा, ते आम्हांला त्या दिवशी ठरवता आले नाही.

एका एसटी ड्रायव्हरला आम्ही पुढे विचारले की, पूर पाहून तू पुलावर गाडी घातली नसतीस काय? तो म्हणाला, "दादा, पाणी दिसलं म्हणून थांबलो असतो आणि पूल पडला नसता, तर दुसऱ्या दिवशी डेपोत मला काय विचारलं असतं?" ह्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही सेन्सरपाशी नाही. पुलावर पाणी मोजणारे यंत्र बसवा अशी मागणी आम्ही त्यानंतर अनेक सभांतून केली; तिच्या जोडीला आम्ही नेहमी दुसरे वाक्य जोडतो, की यंत्राने सांगो वा न सांगो, जो ड्रायव्हर धोका दिसला म्हणून थांबेल त्याच्या त्या थांब्याचा पगार मिळाला पाहिजे.

रुळावरच्या माणसाचेही तेच. डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने २०१२ साली रेल्वे सुरक्षेचा अहवाल दिला. त्याआधीच्या तीन-चार वर्षांत सुमारे सोळाशे रेल्वे कर्मचारी कामावर मेले असल्याचे त्यात आहे. अपघात म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उतारू येतात. ट्रॅकमन एकेकटा मरतो, त्याची वर्तमानपत्रात ओळही येत नाही. ट्रॅकमनसाठी 'रक्षक' नावाचे बिनतारी यंत्र आहे. गाडी येऊ लागली की ते त्याच्या अंगावर वाजते. २२ जानेवारी २०२४ च्या रात्री वसईजवळ सिग्नलची दुरुस्ती करणारे तीन कर्मचारी लोकलखाली सापडले. त्यानंतर हे यंत्र पुरवण्याची पुन्हा चर्चा सुरू झाली. पुन्हा मेल्यावर चर्चा. अमेरिकेतल्या त्या कडीसारखेच.

आणि ह्याच ट्रॅकमनच्या खिशात दुसरे एक यंत्र मात्र पुष्कळ आधी व पुष्कळ ठिकाणी पोचले: तो गस्तीवर कुठवर चालला, किती वेळ बसला, हे दाखवणारे जीपीएस. त्यातही संकटाचे बटण आहे, ते उपयोगी आहे, आम्ही नाकारीत नाही. परंतु माणूस चालतो आहे की नाही हे साहेबाला कळवणारे यंत्र आधी येते, आणि गाडी येते आहे की नाही हे माणसाला कळवणारे मागून येते. हा क्रम खरेदी करणाऱ्याने ठरवलेला असतो.

काकांच्या अपघातानंतर त्या मालकाशी आमच्या बैठका झाल्या. आमच्यांतल्याच तरुण मंडळींचे म्हणणे होते, डबे काढून टाका म्हणू. आम्ही टॅकोग्राफची हकीकत सांगितली. तेव्हा ठरले की डबा राहू द्यावा, पण सलग पाच तास झाले की घंटी आधी केबिनमध्ये वाजावी आणि त्याच वेळी मालकाकडेही. अर्ध्या तासाचा थांबा कापणीत धरू नये. आणि महिन्याची नोंद छापून ड्रायव्हरच्या हाती द्यावी. मालक पहिल्या गोष्टीला नाही म्हणाले, कारण घंटी वाजूनही खेप पुढे ढकलली तर जबाबदारी त्यांच्यावर येईल. ती मागणी अजून आमच्या पत्रव्यवहारात पडून आहे. दुसरी अर्धीमुर्धी मान्य झाली. तिसरीला ते हसून हो म्हणाले. ड्रायव्हर लोक कागद घेऊन काय करणार, असे त्यांना वाटले असावे.

पहिल्या महिन्याचा कागद घेऊन काकांचा पुतण्या, जो आता तीच गाडी चालवतो, वडखळच्या त्याच टपरीवर आमच्याकडे आला. त्यातले आकडे इंग्रजी, म्हणून त्याने आम्हांलाच वाचावयास लावले. आम्ही तारीख, निघाल्याची वेळ, थांबल्याची वेळ अशी एकेक ओळ मोठ्याने वाचत गेलो आणि तो बोटे मोडून तास मोजत गेला. चार ओळी झाल्यावर त्याने आम्हांला थांबवले, बाकावर नीट मांडी घालून बसला, आणि टपरीवाल्याला म्हणाला, आणखी दोन चहा दे. आज वेळ लागेल.